"शाळेचं नाव कोनाले मालूम नाही, तं घेईन कोन?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातले एक वडील बारावीतल्या लेकीला घेऊन विद्यापीठ प्रवेशाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आले होते. "मॅडम, पोरगी हुशार हाय. पण आपल्या शाळेचं नाव कोनाले मालूम नाही, तं घेईन कोन?" पालकांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो.

केंद्रीय विद्यापीठांपुरतं उत्तर सोपं आहे. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी पदवीचे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात आणि ही परीक्षा मराठीतूनही देता येते. त्या गुणवत्ता यादीत शाळेच्या नावाला किंमत नसते. खरी अडचण अभ्यासक्रमाची. पेपर एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पुस्तकांना धरून असतो आणि आपली मुलं राज्य मंडळाची पुस्तकं वाचतात. एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात, ती अकरावीतच उघडा.

काही खासगी विद्यापीठांत निबंध आणि मुलाखत असते, तिथे ही मुलगी अडली. अभ्यासाव्यतिरिक्त काय करता, या रकान्यात तिने लिहिलं होतं, "काही नाही." निबंध शाळेतल्या एका सरांनी तयार करून दिला होता: नापिकी, सावकार, बापाच्या डोळ्यांतलं पाणी. तिने तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, हे आमच्या घरचं नाहीच."

असे निबंध मी पुष्कळ वाचलेत. यवतमाळचा पत्ता दिसला की वाचणारा तेच अपेक्षित धरतो. त्यातून जिल्हा कळतो, मूल कळत नाही. शिवाय ते खोटं असेल तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

मी तिला दिवाळीनंतरचे दिवस विचारले. कापूस वेचणीच्या हंगामात संध्याकाळी काट्यावर तीच असते. मजुरी किलोवर. सकाळी दव असतं तेव्हा वेचलेला कापूस जड भरतो, बायांना चार पैसे जास्त मिळतात. पण विकताना ओलावा मोजला जातो. सीसीआयकडे (हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ) पूर्ण भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे बारापर्यंत कपात, त्यावर माल परत. घरी यावरून रोज कटकट. हिने वहीत सकाळचे आणि दुपारचे गाठोडे वेगळे लिहिले, वाळल्यावर पुन्हा तोलले आणि बापाला फरक दाखवला. मग ठरलं: वेचणी ऊन चढल्यावर सुरू करायची आणि बायांचं नुकसान नको म्हणून किलोमागे एक रुपया वाढवायचा. आणि ही पोरगी लिहिते, काही नाही!

निबंध आधी मराठीत लिहिला, मग तिनेच इंग्रजी केला. दोन-तीन वाक्यं ओबडधोबड होती, ती मी राहू दिली. शिफारसपत्रात "वर्तणूक चांगली आहे" एवढंच होतं. विज्ञानाच्या सरांना म्हटलं, एखादा प्रसंग लिहा ना. त्यांना आठवलं, ही प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी मागत मागे लागायची. तेच लिहिलं.

सगळ्यात जास्त घाम कागदांनी काढला. ओबीसीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि नॉन-क्रीमीलेअर चालू आर्थिक वर्षाचं लागतं. राज्यातल्या प्रवेशाला चालणारं तीन वर्षांच्या मुदतीचं प्रमाणपत्र तिथे अडतं. ऐन प्रवेशाच्या वेळी सेतू केंद्रावर रांग असते, म्हणून एप्रिल लागताच अर्ज टाका. उत्पन्नाचा दाखलाही सोबतच काढा. खासगी विद्यापीठांची शुल्कमाफी बहुधा त्यावरच ठरते.

एका विद्यापीठाने कारण न देता नाकारलं. दुसऱ्याच्या मुलाखतीत बराच वेळ कापसावर गेला. "पाऊस लांबला त्या वर्षी काय झालं?" या प्रश्नावर ती म्हणाली, "तेव्हा मोजलं नव्हतं." तिथे प्रवेश मिळाला. घरच्या उत्पन्नानुसार शिक्षण शुल्क माफ झालं, वसतिगृहाचा काही भाग भरावा लागतो.

वडील परत आले ते वेगळीच काळजी घेऊन. "आता काट्यावर कोन बसन?" नववीतल्या भावाला बसवलंय. तो वही लिहितो, पण एक दिवस आड.