नदीचे ‘पात्र’ आणि ‘पारावार’

नदीचे ‘पात्र’ आणि ‘प्रवाह’ एकच का, आणि भांड्याचे नाव नदीला कसे लागले, असे विचारले आहे. ते एक नव्हेत, आणि हा फरक न पाळल्यामुळे दर पावसाळ्यात एकच चुकीचे वाक्य ऐकावे लागते. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले, पुण्यातला बाबा भिडे पूल बुडाला आणि डेक्कनजवळचा नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली गेला, की लगेच ‘मुठा पात्राबाहेर’ अशी बातमी येते. रस्ताच जर पात्रातला, तर त्याच्यावर आलेले पाणी पात्राबाहेरचे कसे?

दानाला पात्र, नाटकातले पात्र हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, ते सोडून देतो. नदीच्या पात्राची व्याख्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने दोन शब्दांत केली आहे: ‘पात्रं तदन्तरम्’, म्हणजे त्या दोहोंमधले ते पात्र. ते दोघे म्हणजे नदीचे दोन तीर, पलीकडचा ‘पार’ आणि अलीकडचा ‘अवार’. आणि हे दोन जोडले की होतो आपला ‘पारावार’! ‘आनंदाला पारावार उरला नाही’ असे म्हणताना आपण नकळत अशी नदी डोळ्यांपुढे आणतो, की जिचा हा काठही दिसत नाही आणि तोही दिसत नाही. या शब्दातला ‘वार’ ही ‘पार’ची नुसती पुस्ती आहे, असे सांगणाऱ्यांनी अमरकोशाची ती एक ओळ तरी उघडून पाहावी.

‘पात्र’ शब्द ‘पा’ म्हणजे पिणे या धातूवरून आला, असे बहुतेक व्युत्पत्तिकार सांगतात. वाटी-पेल्यापुरते ते ठीक आहे. नदीच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्या ‘पा’चा, म्हणजे राखणे, सांभाळणे या अर्थाच्या धातूचा पक्ष घेतो, कारण वैशाखात थेंबभर पाणी नसलेल्या वाळूच्या पट्ट्यालाही आपण पात्रच म्हणतो. जे पाण्याला सांभाळते आणि पाणी गेले तरी जागेवर राहते, ते पात्र.

मुठा वेगऱ्याजवळ सह्याद्रीत उगम पावते, टेमघरच्या धरणातून खाली उतरते, पानशेतची आंबी आणि वरसगावची मोशी या नद्यांचे पाणी घेऊन खडकवासल्याला येते आणि विठ्ठलवाडी, लकडी पूल, ओंकारेश्वर यांच्या कडेने जात संगमावर मुळेला मिळते. धरणे पाणी अडवतात, म्हणून शहरात वर्षातले बरेच महिने तिची एक बारीक धारच वाहते आणि उरलेल्या रुंदीत गवत वाढते, गाड्या उभ्या राहतात. त्यामुळे ती धार म्हणजेच नदी, अशी लोकांची समजूत झाली आहे आणि ‘पात्र’ शब्दाचा अर्थही धारेएवढाच आकसला आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाणी नारायण, शनिवार या पेठांतल्या घरांत शिरले, तेव्हा मुठा खरोखर पात्राबाहेर गेली होती. पाणी पुलावरून आणि रस्त्यावरून वाहत काठाला टेकते, तेव्हासाठी मराठीत ‘दुथडी’ हा शब्द तयार आहे. भीमथडीतली जी ‘थडी’, म्हणजे काठ, तीच यात आहे. तेव्हा बातमीत ‘मुठा दुथडी भरून वाहत आहे’ असे लिहावे.