बहुभाषिक वर्गावर पहिल्यांदाच शिकवताय? आधी एवढंच करा

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मूल घरी काय बोलतं आणि कोणत्या भाषेत वाचतं-लिहितं, हे वेगवेगळं विचारून नोंदवा. बोलता येणारी भाषा लिहिता येतेच असं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मूल मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलू लागलं की मदत काढून घेणं. गप्पांपुरती भाषा साधारण २ वर्षांत येते. अभ्यासाची भाषा यायला ५ ते ७ वर्षं लागतात, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय. म्हणून खेळताना भांडून जिंकणारं मूल ‘बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो?’ इथे अडतं. त्याला विषय कळत नाही असं समजू नका. तेच उत्तर घरच्या भाषेत मागून बघा!

रोजच्या धड्याला:
- कळीचे ६-८ शब्द आधीच, चित्रासह द्या.
- चर्चा घरच्या भाषेत चालू द्या, उत्तर मग वर्गाच्या भाषेत.
- प्रश्न विचारल्यावर किमान ५ सेकंद थांबा.

‘घरीही इंग्रजीच बोला’ असं पालकांना कधीही सांगू नका, त्याने घरातलं बोलणंच आटतं. मूल्यमापनाचं सध्या राहू द्या, पहिलं सत्र यावरच काढा.