तिसरीतली पोरगी बोटं मोजते, मग गणितात कच्ची का?

"मॅडम, तिसरीत गेली तरी बोटं मोजते, पाढे म्हणताना मधेच अडकते आणि टेस्ट आहे म्हटलं की सकाळपासून पोट दुखतं हिचं, ते डिस्कॅल्क्युलिया का काय म्हणतात ते तर नसेल ना?"

डिस्कॅल्क्युलिया म्हणजे आकडे आणि हिशोब समजण्यातच मुळापासून अडचण असणं. जळगाव-भुसावळकडचे आईबाबा हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की म्हटलं एक केस लिहूनच टाकावी. नाव बदललंय, आर्या म्हणू.

रावेरकडचं केळीवालं घर. आई वही घेऊनच आली होती, पानापानावर लाल गोल. वर्गात रोज सकाळी पाच मिनिटांत वीस गणितं, सर टेबलावर मोबाईलचा टायमर लावणार, ज्याची झाली त्याने हात वर करायचा. बाकीचे हात वर जायला लागले की आर्याची पेन्सिल जागच्या जागी थांबायची. सरांचा हेतू काही वाईट नव्हता, आपणही असेच शिकलो की.

मी वहीतलंच एक गणित दिलं, 52 वजा 38. तिने मांडून उत्तर काढलं 26. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात बसलेलं. मग वही मिटवली आणि विचारलं, तुझ्याकडे 52 रुपये आहेत, 38 ची भाजी घेतली, किती उरले? दोन बोटं हलली, "चौदा." कसं गं? "अडतीसला दोन दिले की चाळीस, अन् वरचे बारा." मी 26 आणि 14 शेजारी शेजारी लिहून विचारलं, यातलं बरोबर कोणतं? तर म्हणते, "वहीत 26 येतं, दुकानात 14."

आई बघतच राहिली. पोरीला वजाबाकी येते हो, तिला वहीतली मांडणी आणि हातातले पैसे एकच आहेत हे कोणी दाखवलेलंच नाही! रीत आधी पाठ झाली, अर्थ मागे राहिला, आणि वरून घड्याळ. हिशोब करताना मधले आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात आणि भीती नेमकी तीच जागा खाते, म्हणून येणारं गणितही टेस्टमध्ये येत नाही.

मग खेळातल्या नोटा घेतल्या. दहाच्या पाच, एकच्या दोन. आता मला 38 दे. तीन नोटा पटकन दिल्या, आठ सुटे कुठून देणार? थोडा वेळ गप्प, मग स्वतःच म्हणाली, "एक नोट मोडून द्या ना." हातचा घेणं म्हणजे हेच, पण मी तो शब्द काढलाच नाही, आधी चार-पाच वेळा नोटा मोडू दिल्या आणि मग प्रत्येक मोडीला वहीत लिहायला लावलं.

पाढ्यांचंही तसंच. सात आठी विसरते, पण सात चोक अठ्ठावीस पक्कं आहे, मग अठ्ठावीसची दुप्पट कर की, छप्पन्न. आणि बोटांचं म्हणाल तर या वयात चालतं, गरज संपली की आपोआप सुटतात. तिची आजी सोबत होती, ती मधेच म्हणाली, "मोजस तं मोजू दे ना माय." आजीला फी द्यायला हवी होती खरं तर.

सरांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, मॅडम वरून निपुणचं प्रेशर असतं. निपुण भारत म्हणजे तिसरीपर्यंत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करायची केंद्र सरकारची मोहीम. पण त्यात तिसरीला मिनिटाला 60 शब्दांची अट वाचनाला आहे, गणितात 9999 पर्यंतच्या संख्या आणि सोपे गुणाकार, तिथे मिनिटं नाहीतच. सरांनी वीसची पाच गणितं केली, टायमर बंद, आणि फळ्यापाशी येऊन "कसं केलंस" ते सांगायचं. आता पोट दुखत नाही. आर्या अजून सावकाशच करते, पण करते.

डिस्कॅल्क्युलिया खरा असतो, अंदाजे शंभरात तीन ते सात जणांना. पण नीट, वेगळ्या पद्धतीने मदत करूनही किमान सहा महिने अडचण तशीच राहिली, पाच आणि आठात मोठं कोणतं इथेच मूल गोंधळत असेल, तर तपासणी करून घ्या. नुसत्या टेस्टच्या मार्कांवरून ते ठरवू नका.

जाताना आईने विचारलंच, "पण शिष्यवृत्तीला वेळ लावतातच ना मॅडम?" लावतात. त्याचा सराव त्या वर्षी करू, आधी वहीत 14 येऊ द्या.