‘जावास्क्रिप्ट सुरू करा’ असा संदेश येतोय. क्रोममध्ये ती कशी सुरू करायची? सुरू ठेवण्यात धोका असतो का?

वेबपानासोबत येऊन तुमच्या ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, ज्या भाषेत लिहितात ती जावास्क्रिप्ट. आधी सेटिंग सांगून मोकळा होतो. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, तिथे खाली जावास्क्रिप्ट. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाला ‘ॲडव्हान्स्ड’ आहे, त्यात. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये हुडकत बसू नका, तिथला चेकबॉक्स २०१३ सालीच काढून टाकलाय. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट:कॉन्फिग’ (about:config) टाकून ‘जावास्क्रिप्ट.एनेबल्ड’ (javascript.enabled) ही नोंद ‘ट्रू’ आहे का ते पाहायचं.

झालं. पण तुम्ही तिथे पोहोचाल तेव्हा ती बहुतेक आधीपासूनच सुरू असेल. सगळे नेहमीचे ब्राउझर ती सुरू ठेवूनच येतात. तुम्ही मुद्दाम जाऊन बंद केली नसेल, तर ती आपोआप बंद होत नाही. मग संदेश का येतो? हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

मी काही काळ एका ऑनलाइन अर्जांच्या साइटच्या हेल्पलाइनवर फोन घ्यायचो. ‘पान कोरं दिसतंय आणि जावास्क्रिप्ट सुरू करा म्हणतंय’ असा फोन आला की काय बोलायचं ते आम्हाला छापून दिलं होतं: सेटिंग तपासा, कॅश (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) साफ करा, दुसरा ब्राउझर वापरा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्यांनी हे तिन्ही आधीच करून पाहिलं होतं. वर म्हणाल्या, “अहो, बाकीच्या सगळ्या साइट चालतात, तुमचीच तेवढी चालत नाही. मग बिघाड माझ्याकडे कसा?” माझ्या हातातल्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. त्यांना म्हटलं, ताई, ऑफिसचं नेट सोडा, मोबाइलच्या नेटवरून उघडून बघा. पान लगेच उघडलं.

झालं होतं असं, की साइटची स्क्रिप्टची फाइल एका तिसऱ्याच सर्व्हरवरून यायची आणि त्यांच्या ऑफिसच्या फायरवॉलने, म्हणजे नेटवरची ये-जा गाळणाऱ्या यंत्रणेने, तो पत्ता अडवला होता. तो ‘सुरू करा’ संदेश मात्र पानावर आधीपासूनच लिहिलेला असायचा. स्क्रिप्ट आली की तीच तो लपवायची. स्क्रिप्ट वाटेत अडकली की संदेश तसाच राहायचा आणि दोष वापरणाऱ्याच्या माथी. वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये खास यासाठी ‘नोस्क्रिप्ट’ टॅग, म्हणजे खूण, आहे. तो ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट खरोखर बंद असेल तेव्हाच मजकूर दाखवतो. तो वापरला असता तर निदान खोटं तरी बोललं गेलं नसतं. (कोरं पान दिसलंच असतं, ते वेगळं.)

मी हे आमच्या डेव्हलपर टीमच्या प्रमुखांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, “आजकाल जावास्क्रिप्ट बंद करतं कोण?” अहो सर, कुणीच करत नसेल तर आपलं पान प्रत्येकाला ‘तुम्ही बंद केली आहे’ असं का सुनावतं? त्यावर ‘युजरच्या मशीनमध्ये गडबड असेल’. विषय संपला. पुढे ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३ मध्ये केलेली मोजणी मी त्यांना दाखवली: त्यांच्या साइटवर १.१ टक्के लोकांपर्यंत स्क्रिप्ट पोहोचत नव्हती, आणि त्यातले बंद ठेवणारे किंवा जुना ब्राउझर असलेले फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्क्यांकडे सगळं ठीक होतं, तरी फाइल चालली नव्हती. सर म्हणाले, एकच टक्का ना? हो, एकच. पण तो एक टक्का फोन करतो, आणि फोन मी उचलायचो.

मुळात नाव, पत्ता आणि ‘पाठवा’ हे बटण एवढ्यासाठी स्क्रिप्ट लागतेच कशाला? ब्रेंडन आइकने नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत १९९५ साली ही भाषा दहा दिवसांत उभी केली, त्याच्या आधीपासून लोक वेबवर फॉर्म भरतायत. आधी साधा फॉर्म चालता करा, मग त्यावर काय सजवायचं ते सजवा. हे मी तेव्हाही म्हणत होतो.

तर तुम्ही काय करायचं: तेच पान इन्कॉग्निटो विंडोत उघडा. तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या सोयी, सहसा बंद असतात, म्हणजे जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन आड येत असेल तर लगेच कळेल. मग नेट बदलून बघा. तरी तेच असेल तर साइटवाल्यांना कळवा आणि ‘माझी स्क्रिप्ट सुरूच आहे’ हे पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर तोच छापील कागद तुम्हाला ऐकवतील.

धोक्याचं म्हणाल तर, सुरू ठेवा. ब्राउझर अपडेट ठेवणं जास्त महत्त्वाचं. पासवर्ड चोरणाऱ्या बनावट पानाला स्क्रिप्ट लागतच नाही, साधा फॉर्म पुरतो, त्यामुळे ती बंद करून ‘आता मी सुरक्षित’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. अर्थात ज्यांच्यावर खरोखर कुणाची पाळत असू शकते त्यांची गोष्ट वेगळी. ओळख लपवण्यासाठी वापरतात त्या टॉर ब्राउझरच्या सगळ्यात कडक ‘सेफेस्ट’ पातळीवर ती सगळीकडे बंद होते, ते उगाच नाही.

आणि हो, नकाशे, व्हिडिओ कॉल, पानावरच चालणारे एडिटर यांना स्क्रिप्ट लागणारच, तिथे माझं भांडण नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते सेटिंग कुलूपबंद दिसलं तर ॲडमिनलाच गाठा, तुमच्या हातात काही नाही. सेटिंग बदलल्यावर पान रीलोड करावं लागतं. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर आधी मजकूर दुसरीकडे कॉपी करून ठेवा.