उपग्रह सापडेपर्यंत पाऊल उचलू नका

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, वय ५४. फक्त रविवारी मैत्रिणींबरोबर पळायला जाते. माझं जीपीएसचं घड्याळ तीन वर्षांचं आहे. सोसायटीच्या गेटपाशी बटण दाबलं की ते नुसतं उपग्रह शोधत बसतं. कधी पाच मिनिटं, कधी दहा. बाकीच्या पुढे जातात म्हणून मीही चालू लागते. मुलीकडून, बंगळुरूहून परतल्यावर तर आणखीच वेळ लागला. हे पावसाळी ढगांमुळे होतं का? मैत्रीण म्हणते, आपल्या ‘नाविक’वर, म्हणजे जीपीएससारख्या भारताच्या स्वतःच्या उपग्रहांवर, चालणारं नवं घड्याळ घे. घ्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नवं घड्याळ आत्ता अजिबात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून घड्याळ धडधाकट असावं. त्याला लागणारी माहिती वेळेवर मिळत नाही, एवढंच.

जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. आपण कुठे उभे आहोत हे ठरवायला घड्याळाला किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात, आणि त्या क्षणी प्रत्येक उपग्रह नेमका कुठे आहे हेही कळावं लागतं. हा तपशील उपग्रह स्वतःच सांगतो, पण सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या सावकाश. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील ऐकायला १८ सेकंद लागतात आणि दर ३० सेकंदांनी तो पुन्हा सांगितला जातो. ठक्कर बाजार स्टँडवर गाडीची घोषणा अर्धवट ऐकू आली की पुढच्या घोषणेची वाट बघावी लागते, तसंच हे. तुम्ही इमारतींच्या मधून चालू लागता, दर चार पावलांवर एखादा उपग्रह भिंतीआड जातो, आणि घड्याळाला तुटलेला भाग पुढच्या फेरीत गोळा करावा लागतो. तुमची दहा मिनिटं इथे जातात.

हा तपशील साधारण चार तासच उपयोगी पडतो. म्हणजे गेल्या रविवारचा या रविवारी कामाचा नाही. रोज पळणाऱ्यांची घड्याळं पटकन जुळतात, कारण ती बहुधा रोज फोनशी जोडली जातात. फोनचं ॲप येत्या काही दिवसांत उपग्रह कुठे असतील याची तयार फाइल इंटरनेटवरून घेऊन घड्याळात टाकतं. मग आकाशातून सगळं ऐकत बसावं लागत नाही. कुणी माझ्याकडे असं घड्याळ घेऊन आलं की मी आधी ॲपमध्ये शेवटचं सिंक, म्हणजे फोन आणि घड्याळातली माहितीची देवाणघेवाण, कधी झालंय ते बघतो. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं. नुसतं ब्लूटूथचं चिन्ह दिसलं म्हणजे सिंक झालं असं समजू नका. शनिवारी रात्री नेट चालू ठेवून ॲप उघडा आणि सिंक पूर्ण होईपर्यंत बंद करू नका.

बंगळुरूचं कारण वेगळं. घड्याळ शेवटच्या ठिकाणावरून अंदाज बांधून आकाशात शोध घेतं. शेकडो किलोमीटर दूर गेल्यावर तो अंदाज चुकतो. अशा प्रवासानंतर, किंवा बॅटरी पूर्ण उतरून घड्याळ बंद पडलं असेल तर, सिंक करून एकदा गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक आकाशातून पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून एवढा वेळ.

ढगांना दोष नाही. या लहरींना ढग आणि पाऊस फारसे अडवत नाहीत. ओल्या पानांची दाट झाडी मात्र अडवते, काँक्रीट तर नक्कीच. गोल्फ क्लब मैदानावर जात असाल तर कडेच्या झाडांखाली नको, मधल्या मोकळ्या जागेत उभ्या राहा. पांडवलेणीच्या पायथ्याशी एका बाजूचं आभाळ डोंगरच झाकतो, तिथे थोडं दूर रस्त्याकडे सरकून बटण दाबा. हात खाली लोंबता सोडू नका, घड्याळाची तबकडी आभाळाकडे करा. आणि जागा सोडू नका! मैत्रिणींना एक-दोन मिनिटं थांबायला सांगा, तेवढ्यात पाय मोकळे करून घेता येतात. जुळण्याआधीच निघालात तर सुरुवातीचं अंतरही भरवशाचं नसतं.

सेटिंगमध्ये फक्त जीपीएस निवडलेलं असेल, तर ग्लोनास (रशियाचे उपग्रह) किंवा गॅलिलिओ (युरोपचे) जोडून बघा. बॅटरी थोडी जास्त जाते, पण इमारतींमध्ये दिसणारे उपग्रह वाढतात. इंदिरानगरसाठी मी तेच निवडेन.

‘नाविक’चा मला अभिमान आहे, पण घाई नको. त्याचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस बँड या लहरींच्या पट्ट्यांवर बोलतात. छोट्या उपकरणांना सोयीचा एल-१ पट्ट्यातला संदेश २९ मे २०२३ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या ‘नाविक’च्या उपग्रहापासून सुरू झाला. शिवाय ताजी माहिती नसेल, तर नवं घड्याळही असंच ताटकळवेल.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि ते एकदा बंद करून चालू करा. त्यानंतरही मोकळ्या मैदानात पाच मिनिटं लागत असतील, तर अँटेनाची शंका घ्यावी लागेल, विशेषतः घड्याळ आपटलं असेल किंवा बॅटरीसाठी उघडलं असेल तर. सर्व्हिस सेंटरला देताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहा : ताजं सिंक केलं होतं, मोकळ्या जागी स्थिर उभी होते, तरी इतकी मिनिटं लागली. नाहीतर ते आधी तुम्हाला सिंकच करायला लावतील.