मूडलवरचे मराठी : दिसते एक, साठते दुसरेच

प्रश्न : महाविद्यालयाच्या मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर मी नोट्सच्या पीडीएफ टाकते. वर्गातल्या एका अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) त्या वाचताना भलतीच इंग्रजी अक्षरे बोलतो. सॉफ्टवेअर बदलावे का?

उत्तर : सॉफ्टवेअर राहू द्या, फाइल बदला. आधी पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उतरली, तर मजकूर शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला आहे. अशा फाइलमध्ये साठते ते रोमन अक्षर. फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडर मात्र खालचे वाचतो. ओळ निवडताच येत नसेल, तर पान स्कॅन केलेले आहे, म्हणजे नुसता फोटो.

जुना फॉन्ट असेल तर मूळ वर्ड फाइल शोधा आणि फॉन्ट कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेल्या पद्धतीत. चुका ठरावीक जागी होतात : पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमके उलट. म्हणून ‘स्थिती’, ‘धर्म’ असे शब्द मुद्दाम डोळ्यांखालून घाला. स्कॅन असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, चित्रातली अक्षरे मजकूर होऊन येतात. दोन रकान्यांची पाने आणि तक्ते बरेचदा विस्कटतात, ते हातानेच लावावे लागतात.

आणखी एक. मथळा नुसता ठळक करून भागत नाही, वर्डमधली ‘हेडिंग’ स्टाइल लावा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी एच कळ दाबत मथळ्यांवरून उड्या मारत जातो. ठळक ओळ त्याच्या लेखी साधी ओळच. पीडीएफ करताना ‘प्रिंट’ नको, ‘सेव्ह ॲज’ वापरा, नाहीतर मथळ्यांची ही खूण गळून पडते. खरे तर चार पानांच्या नोट्सना पीडीएफ हवीच कशाला? मूडलच्या ‘पेज’मध्ये थेट मजकूर टाकला तर मोबाइलवरही ओळी आपोआप बसतात.

प्रश्न : लघुत्तरी चाचणीत ‘वाऱ्यामुळे’ हे उत्तर होते. काही मुलांनी अगदी तेच लिहूनही शून्य मिळाले. का?

उत्तर : ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’, हलंत आणि ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत, मग झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह आणि ‘य’. कोणता उमटेल ते कीबोर्डवर ठरते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मूडल अक्षरांचे संकेतांक ताडून पाहते आणि ते वेगळे निघतात. ‘दऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ या सगळ्या शब्दांत हाच फास आहे.

उत्तराच्या रकान्यात ‘वा*यामुळे’ असे लिहा. लघुत्तरी प्रश्नात तारका कोणत्याही अक्षरांच्या जागी चालते. मग निकालांच्या पानावर जाऊन ‘रीग्रेड’ करा, म्हणजे गुण पुन्हा मोजले जातात. संख्यात्मक प्रश्नांत देवनागरी आकडे धरले जात नाहीत, तेव्हा ‘आकडे इंग्रजीत लिहा’ ही सूचना प्रश्नातच द्या.

प्रश्न : गावाकडच्या मुलांना व्याख्यानाचा व्हिडिओ उघडत नाही. काय करावे?

उत्तर : हिशेब पाहा. अर्ध्या तासाचा व्हिडिओ ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) साठवला तर ९०० एमबी होतो, ५०० केबीपीएसने (सेकंदाला ५०० किलोबिट) ११२ एमबीच्या आसपास. नुसता आवाज ३२ केबीपीएस मोनोमध्ये ७ एमबीत बसतो. स्लाइड स्थिर असतील तर ४८०पी पुरते, फक्त अक्षरे मोठी ठेवा, नाहीतर फोनवर जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. कोपऱ्यात स्वतःचा चेहरा ठेवण्याचा हट्ट सोडावा. हलते चित्रच डेटा खाते. सात-आठ मिनिटांचे तुकडे करा आणि शेजारी ऑडिओ व स्लाइड वेगळ्या द्या. सबटायटलची फाइल साठवताना ‘एन्कोडिंग’ (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. ‘एएनएसआय’ राहिले तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

प्रश्न : महत्त्वाच्या सूचना लाल अक्षरांत देतो. चालेल?

उत्तर : शुद्ध लाल पांढऱ्यावर साधारण ४:१ एवढाच उठाव (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) देतो, डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुराला ४.५:१ लागतो. गडद लाल घ्या आणि ‘महत्त्वाचे’ हा शब्दही लिहा. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला तोच उपयोगी.

प्रश्न : लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थिनीला ऑनलाइन परीक्षेत जादा वेळ कसा द्यायचा?

उत्तर : केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे ६० मिनिटांच्या परीक्षेला ८०. मूडलमधल्या चाचणीच्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये ‘यूजर ओव्हरराइड’ (एकाच विद्यार्थ्यापुरता बदल) घालून तिची वेळमर्यादा वाढवा. त्याच पानावर चाचणी बंद होण्याची वेळही पुढे न्या. हे बहुतेक वेळा राहून जाते. मग ११ ला सुरू झालेली परीक्षा १२ ला सर्वांबरोबर तिचीही बंद होते आणि दिलेली २० मिनिटे कागदावरच राहतात.