बारचा निवृत्ती निधी: शनिवारच्या सभेत हात वर करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुका कोर्टात सहा वर्षं प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलताईंच्या बार असोसिएशनची सर्वसाधारण सभा येत्या शनिवारी आहे. ठराव असा: सगळ्या 240 सभासदांनी दरमहा 300 रुपये भरायचे आणि पासष्टी पूर्ण झाली की प्रत्येकाला एकरकमी 5 लाख द्यायचे. सिनियर मंडळी म्हणतात, बिनविरोध होऊन जाऊ द्या. विरोध केला तर बार रूममध्ये तोंड दाखवायची सोय राहणार नाही, अशी ताईंना धास्ती आहे.

ताई, विरोध करू नका, दुरुस्ती सुचवा. ठरावामागची कळकळ खरी आहे. आपल्याला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. सत्तरी ओलांडलेले वकील भर मे महिन्यात काळा कोट घालून तारखा घेत उभे असतात, ते काही सगळेच हौसेने नव्हे. पण या ठरावाचं गणित बसत नाही, आणि ते सभेआधी कुणीतरी कागदावर मांडायला हवं.

240 जणांचे 300 म्हणजे महिन्याला 72,000, वर्षाला 8 लाख 64 हजार. एकाला द्यायचे 5 लाख. म्हणजे वर्षाला दोन जण निवृत्त झाले तरी त्या वर्षीची वर्गणी पुरत नाही. आता सभासद नोंदवही मागवा आणि जन्मतारखा बघा. समजा पुढच्या पाच वर्षांत 25 जण पासष्टीला पोचताहेत. देणं होईल सव्वा कोटी, आणि पाच वर्षांची वर्गणी 43 लाख 20 हजार. व्याज धरलं तरी निम्मंसुद्धा नाही.

पुढचा हिशेब जास्त बोलका आहे. आज पंचावन्नचे असलेले वकीलसाहेब दहा वर्षांत 36,000 भरतील; 7 टक्के व्याज धरलं तर त्याचे 52 हजारांच्या आसपास होतात. त्यांना मिळणार 5 लाख. तिशीतली ज्युनियर पस्तीस वर्षं भरेल. तिने तेच 300 रुपये त्याच दराने स्वतःच्या खात्यात टाकले तर साधारण 5 लाख 40 हजार होतात. म्हणजे तिला आश्वासन मिळतंय ते तिच्याच पैशांपेक्षा कमी रकमेचं, आणि तेही तिचे पैसे दरम्यान दुसऱ्यांना वाटून झाल्यावर. भिशीतसुद्धा ज्याने जेवढं भरलं तेवढंच त्याच्या नंबराला मिळतं! नवी सनद घेतलेली मुलं पुढे येत राहतील या भरवशावर ही योजना उभी आहे, आणि ती मुलं जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला निघून गेली तर काय, याला ठरावात उत्तर नाही.

आता कायद्याचं. वकिलांच्या संघटनेत कायद्याचा मुद्दा सर्वात शेवटी निघतो, हा आपला जुना आजार. असोसिएशन 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल आणि तिच्या उद्देशांत निवृत्तिलाभ बसत नसेल, तर कलम 12 वाचा. उद्देश वाढवायचा तर प्रस्ताव लेखी स्वरूपात दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे जायला हवा, विशेष सभेत तीन पंचमांश मतं हवीत, आणि महिन्याभराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांशांनी तो कायम व्हायला हवा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या रकान्यातून, अर्धे लोक चहाला उठलेले असताना, हे होत नाही. आमच्याकडे एका वर्षी असाच एक ठराव आवाजी मतदानाने झाला. इतिवृत्त दोन महिन्यांनी लिहिलं गेलं आणि त्यात वर्गणीचा आकडा सभेत ऐकलेल्यापेक्षा वेगळा निघाला. तेव्हा हात मोजायला लावा आणि संख्या इतिवृत्तात लिहून घ्या. शिवाय परताव्याचं आश्वासन देऊन पैसे घेणं 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात किंवा महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात अडकतं का, यावर एकाचा सहीनिशी लेखी अभिप्राय मागा. 240 वकिलांत एक तरी तयार व्हावा.

पैसे ठेवायचे कुठे, हेही विचारा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल तर 1950 च्या कायद्याचं कलम 35 लागू होतं; पतसंस्था दीड टक्का जास्त देते म्हणून कोषाध्यक्षांना परस्पर तिथे ठेव करता येत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला विमाही नसतो. बँकेत तो 5 लाखांचा असतो, पण असोसिएशनच्या नावावरच्या सगळ्या ठेवी म्हणजे एका बँकेत एकच ठेवीदार. 240 जणांची पुंजी असली तरी विमा 5 लाखांचाच. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती, हे आठवत असेल. आणि वकिलांचे पैसे म्हणून कुणी हात लावणार नाही, असं समजू नका. केरळमध्ये वकील कल्याण निधीतल्या कोट्यवधींच्या अपहाराचा तपास 2021 साली तिथल्या उच्च न्यायालयाने सीबीआयकडे सोपवला.

मग करायचं काय? म्हातारपणासाठीचा पैसा ज्याचा त्याच्या नावावर हवा: एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा पीपीएफ. पीपीएफमधली रक्कम देण्याघेण्याच्या दाव्यातल्या हुकूमनाम्यातही जप्त होत नाही, हे दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कामं, चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. असोसिएशनने फार तर खाती उघडून देण्याचं शिबिर घ्यावं आणि ज्युनियरांचे पहिल्या वर्षीचे हप्ते भरावेत. एकत्र वर्गणी खरी कामाला येते ती अकाली मृत्यूच्या वेळी, कारण तो सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी येत नाही. त्यासाठी गट मुदत विमा आहे, म्हणजे मुदतीत मृत्यू आला तर वारसाला रक्कम देणारा सगळ्यांचा एकत्र विमा. दिल्ली सरकारने वकिलांसाठी काढलेल्या योजनेतही असाच 10 लाखांचा गट विमा आहे. आपल्या राज्यात 1981 च्या कायद्याने झालेला वकील कल्याण निधी आहे. वकीलपत्राला त्या निधीचं तिकीट सगळे लावतात, पण स्वतः निधीचे सभासद किती जण आहेत, हे शनिवारी नक्की विचारा. बहुतेक वेळा सभागृह गप्प होतं.

आत्ता पासष्टीच्या उंबरठ्यावर असलेल्या, खरोखर अडचणीतल्या दोन-चार सिनियरांचं काय? त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी उघड नावाने काढा. मी त्याला आनंदाने पैसे देईन. पण मदतीला निवृत्तिवेतन म्हणू नका.

दुरुस्तीचा मसुदा असा देता येईल: ‘एकरकमी 5 लाखांची तरतूद वगळावी, वर्गणीतून सर्व सभासदांचा गट मुदत विमा उतरवावा, उरलेल्या रकमेचा मदतनिधी स्वतंत्र खात्यात ठेवून दरवर्षी लेखापरीक्षण करून सभेपुढे मांडावा.’ सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक म्हणून मात्र पन्नाशीपुढचा एखादा सिनियर गाठा, म्हणजे हा ज्युनियरांचा बंडावा ठरणार नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत सचिवांकडे दोन प्रती द्या आणि एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या.